पिवळ्या रंगाचा मालक कोण?

जालन्याचा मस्तगडाचा किल्ला काबीलखानाने निजाम आसफजाहच्या हुकमावरून १७२५ साली बांधला. पुढे त्याच गढीत नगरपालिकेची कचेरी थाटली गेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. फौजफाटा गेला आणि दप्तर आले. रयतेच्या दृष्टीने फरक एवढाच पडला, की तोफेच्या माऱ्यात जेवढा मुलूख कधी आला नसेल तेवढा कचेरीतल्या नकाशाच्या माऱ्यात येऊ लागला.

शहराच्या विकास आराखड्यात कोणता गट पिवळा, कोणता हिरवा, कुठे रस्ता, कुठे शाळेचे आरक्षण, कोणाच्या ले-आउटला मंजुरी आणि कोणाचा अर्ज फेटाळला, हे विषय शहरवाल्यांचे आहेत अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. पालिकेचे राजकारण नगरसेवकांनी पाहावे आणि आपण कापसाच्या भावाचे पाहावे, असे आपले कार्यकर्तेसुद्धा म्हणतात. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्नही भावाचाच आहे. कापसाचा भाव दिल्लीत पाडला जातो आणि जमिनीचा भाव नगररचनाकाराच्या टेबलावर. दोन्ही ठिकाणी माल आपला आणि बोली दुसऱ्याची.

चौरस फुटाचा हिशेब

शेतकरी जमीन का विकतो, याचे उत्तर शहरी विद्वान ठरावीक देतात. लग्नात उधळले, मोटारसायकल घेतली, पोराला शेतीची लाज वाटते. आपण जरा हिशेब मांडू.

लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस झाला असे धरा. बोंडअळीने सोडले, पाऊस वेळेवर आला, आणि हमीभाव खरोखर हातात पडला, असेही धरा. एकरी आले ४०,५५० रुपये. एकराचे गुंठे ४०, म्हणजे गुंठ्याला हजार रुपयांच्या आसपास. गुंठ्याचे चौरस फूट १,०८९. म्हणजे वर्षभर राबून एका चौरस फुटाला एक रुपयासुद्धा पुरता येत नाही. आणि हा रुपया बियाणे, खत, फवारणी, वेचणी काही वजा न करता. ज्वारीचे तर बोलायलाच नको. संकरित ज्वारीचा त्याच वर्षीचा हमीभाव ३,६९९ रुपये. कडबा धरला तरी मेळ बसत नाही.

त्यातही २०२५ सालचा अनुभव ताजा आहे. नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. सवलत आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे आपली वेचणी आणि परदेशी गाठींची बिनजकाती आवक एकाच वेळी.

ज्या जमिनीचा चौरस फूट वर्षाला रुपया देत नाही, त्याच जमिनीशेजारचा प्लॉट शेकड्यांनी आणि हजारांनी चौरस फूट विकला जातो. मध्ये फक्त एक बांध आहे आणि नकाशावरचा एक रंग आहे. शेतकरी जमीन विकतो त्याचे कारण शेतीचा तोटा. आणि तो ती मातीमोलाने विकतो त्याचे कारण हा रंग.

रंगाचे राजकारण

विकास आराखड्यात निवासी पट्टा पिवळा दाखवतात आणि शेतीचा पट्टा हिरवा. हिरवा रंग डोळ्यांना गार वाटतो. पण ज्याच्या गटावर तो बसतो त्याच्या कपाळावर तो शिक्षेसारखा बसतो. त्याने घरापुरते बांधावे, गोठा बांधावा, फार तर शेतीपूरक काही करावे. त्यापुढे त्याला मनाई. पलीकडच्या गटावर पिवळा रंग चढला की मात्र तिथे रातोरात सोने उगवते.

पूर्वी या सोन्याला दोन कुलपे होती. एक आराखड्याचे आणि दुसरे जिल्हाधिकाऱ्यांच्या अकृषिक परवानगीचे. २०१४ पासून महसूल संहितेत कलम ४२-अ घातले गेले आणि आराखड्याच्या क्षेत्रात, आराखड्यातल्या वापरासाठी, वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज राहिली नाही. कटकट कमी झाली, हे चांगलेच झाले. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. आता सगळा निवाडा रंग भरला जातो त्याच दिवशी होतो. ज्याला तो रंग आधी कळला, त्याने बाजी मारली.

कोणाला आधी कळतो? ज्वारी खुडणाऱ्याला की कचेरीत ऊठबस असणाऱ्याला? याचे उत्तर प्रत्येक गावात ठाऊक आहे. आराखडा प्रसिद्ध व्हायच्या वर्ष-दोन वर्षे आधी शिवारात पांढऱ्या गाड्या फिरू लागतात. इसार दिला जातो, मुखत्यारपत्र लिहून घेतले जाते, खरेदीखत मात्र लांबवले जाते. नकाशा बाहेर येतो तेव्हा मूळ मालकाच्या हातात इसारपावती असते आणि फायदा दुसऱ्याच्या वहीत. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

याच वेळी कायद्याने शेतकऱ्याचे हातपाय कसे बांधले आहेत तेही मोजा. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० चा. त्याने मराठवाड्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेण्याची बंदी घातली. म्हणजे आपल्या मालाचे गिऱ्हाईकच कमी केले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे ठरले, म्हणजे दोन-चार गुंठे विकून मुलीचे शिक्षण करतो म्हटले तरी कायदा आड येतो. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा, कोरडवाहूला कुटुंबामागे ५४ एकर. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला. एवढी सगळी साखळी शेतकऱ्याच्या पायात. पिवळा पट्टा पैदा करणाऱ्याच्या पायात मात्र काटासुद्धा नाही.

खरपुडीचा धडा

लांब जायला नको. जालन्याला लागून खरपुडी शिवारात सिडकोच्या नव्या वसाहतीचा प्रकल्प आला. २०२० मध्ये तो व्यवहार्य नाही असे ठरले. २०२३ मध्ये तो पुन्हा उठून बसला आणि व्यवहार्य झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सुमारे ९०० कोटींच्या या प्रकल्पाला स्थगिती देऊन चौकशी करायला सांगितल्याच्या बातम्या साऱ्या महाराष्ट्राने वाचल्या. शेतकऱ्यांकडून स्वस्तात जमिनी घेऊन संपादनाचा मोबदला भलत्यांनीच खायचा बेत होता, असा आरोप झाला. आरोपाचे खरेखोटे चौकशी करणाऱ्याने करावे. आम्ही कोणावर ठपका ठेवायला बसलेलो नाही.

आमचा प्रश्न यंत्रणेबद्दल आहे. तीन वर्षांत खरपुडीची माती बदलली नाही. कुंडलिकेचे पाणी वाढले नाही. मग अव्यवहार्य होते ते व्यवहार्य कसे झाले? आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की अशा चढउताराच्या काळात शेतकऱ्याने काय करायचे? प्रकल्प येणार म्हटले की संपादनाच्या धाकाने जमीन अडकते. कर्ज मिळत नाही, विहीर खोदायला मन होत नाही. प्रकल्प गेला म्हटले की घाबरून विकावीशी वाटते. पुन्हा आला की विकलेल्याने हात चोळायचे. हो, नाही आणि पुन्हा हो या तीन शब्दांत जमिनीची मालकी तीनदा फिरू शकते. ज्याला ‘पुन्हा हो’ येणार हे आधी ठाऊक असेल, त्याला दुसरे काही करावे लागत नाही.

मोबदल्याचे गणितही आपण डोळे उघडून पाहिले पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरवताना शासनाचे मूल्यदर आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी पाहतात, आणि जास्त असेल तो आकडा धरतात. त्याला ग्रामीण भागात एक ते दोनचा गुणक आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम. कायदा कागदावर वाईट नाही. पण मुद्रांक वाचवायला खरेदीखतात कमी आकडा टाकायची जी रीत गावोगाव पडली आहे, ती उद्या शेजाऱ्याच्या मोबदल्यातून वजा होते. चार पैसे आज वाचतात आणि सगळ्या शिवाराचा भाव उद्या पडतो.

अपील कोणाला?

आता कायद्याच्या त्या कलमाकडे येऊ, ज्याची चर्चा आपल्या बैठकांत कधी होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. बांधकामाची किंवा ले-आउटची परवानगी कलम ४४ खाली मागायची, कलम ४५ खाली मिळते किंवा नाकारली जाते. नाकारली, किंवा जाचक अटी घालून दिली, तर कलम ४७ खाली ४० दिवसांच्या आत शासनाकडे अपील. प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णयच कळवला नाही आणि प्रस्ताव नियमांत बसत असेल, तर परवानगी मिळाली असे मानले जाते.

हे सगळे अर्जदारासाठी. परवानगी मागणाऱ्याला अपील आहे. त्या परवानगीने ज्याच्या शेतात पाणी शिरणार आहे, त्याला नाही.

उदाहरण घेऊ. चढावर साठ प्लॉटचा ले-आउट मंजूर झाला. शिवारातला ओढा सिमेंटच्या नळात घातला, नळ अरुंद. पूर्वी रानात मुरणारे पाणी आता डांबरावरून घसरत खालच्या कपाशीत येते. घरांचे सांडपाणी त्याच नाल्यात. वहिवाटीची पांदण ले-आउटच्या भिंतीत गेली, बैलगाडी वळसा घालून जाते. खालचा शेतकरी कचेरीत गेला तर त्याला सांगतात, तुमचा अर्ज नाही, तुम्ही त्रयस्थ. त्याला उरतो तो छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाचा रस्ता. वकील, तारखा, एसटीचे भाडे. ज्याच्या हाती ससा तो पारधी; आणि ज्याच्या शेतातून ससा धरला तो त्रयस्थ!

हे कायदे मुळात इंग्रजांच्या घडणीचे आहेत. इंग्लंडातही १९४७ च्या कायद्यापासून परवानगी नाकारली तर अपील फक्त अर्जदाराला, शेजाऱ्याला नाही. पण त्याच इंग्लंडच्या शेजारी आयर्लंड नावाचा छोटा शेतकरी देश आहे. तिथे ज्याने वेळेत लेखी म्हणणे दिले, तो त्रयस्थ असला तरी निर्णयानंतर चार आठवड्यांत स्वतंत्र नियोजन आयोगापुढे अपील करू शकतो. त्यामुळे आयर्लंडात घरे बांधायची थांबली नाहीत. बांधणाऱ्याला आणि मंजुरी देणाऱ्याला शेजारच्या शेताकडे एकदा पाहून घ्यावे लागते, एवढेच.

तीस दिवसांची लोकशाही

‘हरकती मागवल्या होत्या, त्या वेळी का आला नाहीत?’ हा कचेरीचा ठरलेला सवाल. आराखड्याचा मसुदा राजपत्रात आला की कलम २६ खाली हरकती-सूचनांना ३० दिवस. हरकत देणाऱ्यांना कलम २८ खाली नियोजन समिती ऐकते. ऐकले की लोकशाही पार पडली.

आता हे ३० दिवस मृगात किंवा वेचणीत आले तर? सूचना ज्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापली ते गावात येत नसेल तर? नकाशा कचेरीच्या भिंतीवर लावलेला, अक्षर मुंगीच्या पायाएवढे, गट नंबर शोधायला भिंग लागावे. आपली म्हातारी माणसे नकाशापुढे उभी राहतात, बाजूच्या शिपायाला विचारतात, तो म्हणतो काही नाही बाबा, तुमचे शेत हिरवेच आहे. आणि माणूस समाधानाने घरी येतो!

त्यातही ऐकणारे कोण? जालना नगरपालिकेची महानगरपालिका २०२३ मध्ये झाली; तिची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात लोकांनी निवडलेली सभा नव्हती, प्रशासक होते. प्रशासक कर्तबगार असेल, प्रामाणिकही असेल. पण त्याला पुन्हा मते मागायला आपल्या दारात यायचे नसते. आणि नगरसेवक आले म्हणून आपला प्रश्न सुटला असेही नाही. हद्दीबाहेरच्या शेतकऱ्याचे त्या सभेत मत नाही. पण शहर वाढायचे ते त्याच्याच शेतात. महानगरपालिकेच्या पाठोपाठ हद्दवाढीची भाषा येते, आराखडा येतो, रिंगरोड येतो. दार वाजण्यापूर्वी जागे व्हावे हे बरे.

घरे नकोत असे आम्ही म्हणत नाही

एक गैरसमज आधीच दूर करतो. शेतजमीन वाचवा म्हणून टाहो फोडणाऱ्यांच्या मेळ्यात आम्ही नाही. शहराला मोकळी हवा पाहिजे म्हणून शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या हिरव्या रंगात कैद राहावे, तोट्याची शेती करावी, आणि रविवारी फिरायला येणाऱ्यांनी कणसे पाहून खूश व्हावे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. हिरवळीची किंमत शहराने मोजावी, मग हिरवळ मागावी.

घरे लागणारच. लोखंडाच्या कारखान्यांत राबणारा मजूर आणि बियाणे कंपन्यांत काम करणारी बाई कुठून तरी आली आहे. बहुतेक ती आपल्याच गावातून आली आहे. दोन एकरांत भागेना म्हणून गेलेला आपलाच पुतण्या शहराच्या कडेला गुंठा घेतो, तोही शंभराच्या बाँडवर, कारण कायदेशीर प्लॉट त्याच्या ऐपतीबाहेर. रस्ता नाही, गटार नाही, डोक्यावर नोटिशीची तलवार. सरकारला गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. २०२५ मध्ये शहरी भागात तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणाही करावी लागली. याचा अर्थ सरळ आहे. मनाईने घर थांबत नाही. मनाईने फक्त घर बेकायदा होते, विकणारा शेतकरी गुन्हेगार ठरतो, घेणारा मजूर धास्तावतो, आणि मधला दलाल दोघांकडून पैसे घेतो.

पाण्याचेही तसेच. जालन्याची तहान निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाने भागवली. २०१२ च्या दुष्काळाने शहराचा घसा कोरडा केला तेव्हा जायकवाडीहून नळ आणावा लागला. प्रत्येक नवा ले-आउट म्हणजे नव्या तोट्या. ते पाणी कोणत्या तरी धरणातून, म्हणजे कोणाच्या तरी पाळीतून येणार आहे. ले-आउट मंजूर करताना पाणी कुठले, हे कागदावर लिहून घ्यायला काय हरकत आहे?

जालना सोन्याचा पाळणा, अशी म्हण आहे. पाळणा हलवणाऱ्याने गाणे म्हणावे आणि सोने दुसऱ्याने काढून न्यावे, याला आमचा विरोध आहे.

दुसरा रस्ता आहे

आपल्यापुढे दोन दाखले आहेत, दोन्ही महाराष्ट्रातले. पहिला नवी मुंबईचा. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानफाट्यावर शेतकरी उठले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे सूत्र निघाले. शेतकऱ्याला पैसाच नाही तर वाढत्या किमतीतला वाटाही पाहिजे, हे सरकारने तिथे पहिल्यांदा कबूल केले. पण पाच जीव गेल्यावर.

दुसरा दाखला पुण्याच्या हडपसरचा. तिथे मगरपट्ट्यातल्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमीन बिल्डरला विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे ४०० एकर एकत्र केली, कंपनी केली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले, आणि २००० च्या सुमारास स्वतःच नगर बांधायला घेतले. जमीन गेली असे तिथे कोणी म्हणत नाही. जमीन कामाला लागली असे म्हणतात. पुण्यासारखे गिऱ्हाईक जालन्याला नाही, हे आम्हालाही कळते. पण चारशे एकर नसतील तर चाळीस एकर. रीत तीच.

कायद्यातही रस्ता आहे. याच १९६६ च्या अधिनियमात नगररचना योजना नावाचे प्रकरण आहे. अहमदाबादने तिचा भरपूर वापर केला. शिवारातल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, गटारे, शाळा, मैदान यांना लागेल तेवढी सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात काढायची आणि उरलेली चौकोनी, रस्त्याला लागलेली जमीन मूळ मालकाच्याच नावे परत द्यायची. एकाच्या गटावर आरक्षणाचा वरवंटा आणि दुसऱ्याच्या गटावर सोन्याचा पाऊस, हा अन्याय त्यात राहत नाही. मात्र परत किती द्यायची ते आधी ठरले पाहिजे. नैना क्षेत्रात चाळीस टक्के परत देण्याच्या सूत्रावर शेतकरी नाराज आहेत, हेही लक्षात ठेवा.

काय मागायचे, काय करायचे

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, या जिल्हा बैठकीपुढे आम्ही पाच मागण्या ठेवतो. एक, कोणत्याही आराखड्याचा मसुदा गट नंबरच्या यादीसह प्रत्येक गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा आणि हरकतींचे तीस दिवस त्या वाचनापासून मोजावेत. दोन, ज्याने लेखी हरकत घेतली त्या शेजारच्या शेतकऱ्याला आणि ग्रामपंचायतीला कलम ४७ खाली अपिलाचा हक्क द्यावा. तीन, वसाहतीसाठी सक्तीचे संपादन बंद. नगररचना योजना किंवा मालकांची भागीदारी. चार, एकदा रद्द केलेला प्रकल्प पुन्हा उठवायचा तर मधल्या काळातले त्या शिवाराचे सर्व फेरफार चावडीवर लावावेत. पाच, दहा वर्षांत न घेतलेले आरक्षण आपोआप उठावे.

शेवटच्या मागणीबद्दल थोडे. आज कलम १२७ खाली आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने खरेदीची नोटीस द्यायची. त्यानंतर २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे २४ महिने वाट पाहायची, तरी संपादनाचे खरे पाऊल पडले नाही तर आरक्षण संपते. नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरणार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ मध्ये सांगितले. ज्याने नोटीसच दिली नाही त्याचे आरक्षण मात्र वीस वर्षेही तसेच बसते. आपल्यापैकी ज्यांच्या गटावर जुनी आरक्षणे आहेत, त्यांनी तारखा काढाव्यात.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशाची प्रत काढून घ्या. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. हरकत तोंडी सांगू नका. गट नंबर, क्षेत्र आणि कारण लिहून द्या आणि पोच घ्या. सगळ्या शिवाराने मिळून सुनावणीला जा. एकट्या माणसाला पाच मिनिटे मिळतात, शंभरांना दिवस मिळतो. इसार घेताना पुढच्या खरेदीची तारीख लिहून घ्या. आणि सर्वाधिकाराच्या मुखत्यारपत्रावर सही करू नका, समोर कितीही जवळचा माणूस बसलेला असो.

मायबहिणींना एक वेगळी विनंती. शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला ओ देऊन अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनी केल्या. त्या सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत, त्यांच्या सहीशिवाय बांध हलत नाही. प्लॉटिंगवाला घरात येतो तेव्हा ओसरीवर पुरुषांशी बोलतो आणि चहा आतून मागवतो. यापुढे कागदही आत गेला पाहिजे. रात्री झालेला सौदा सकाळी घरच्या बाईने वाचल्याशिवाय पक्का धरायचा नाही, एवढा नियम गावाने केला तरी अर्ध्या इसारपावत्या लिहिल्याच जाणार नाहीत.

सरकारने घरे बांधू नयेत असे आम्ही म्हणत नाही. शहराने वाढू नये असे तर मुळीच नाही. शेतमालाचा भाव घामावर ठरावा आणि जमिनीचा भाव मालकासमोर ठरावा, एवढेच मागणे आहे. बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शिवाराचा नकाशा आणि गेल्या पाच वर्षांच्या फेरफारांची यादी बरोबर आणावी. कोणता गट कधी आणि कोणाच्या नावे गेला, हे एकदा सगळ्यांनी मिळून वाचले की पुढचे ठराव आपोआप सुचतील.